मावशींच्या खिशातला साखरवाचक

मित्रांनो, मी एक जुना साखरवाचक आहे. माझा जन्म एका मोठ्या, पांढऱ्या, थंडगार कारखान्यात

थांबा.

एकशे अडतीस. बाण आडवा. काळजी नाही.

...कारखान्यात झाला. तिथे डोक्याला टोपी आणि तोंडाला फडके बांधलेली माणसे मला हातमोजे घालून

पुन्हा थांबा. एकशे एकेचाळीस. बाण आडवा.

माझे हे असेच चालते. दर काही मिनिटांनी मला हाक येते आणि हातातले काम टाकून आकडा घ्यावा लागतो. पेनाचे, छत्रीचे, फळ्याचे आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिले असेल. त्यांचे बरे आहे. ऊन पडले की छत्री कोपऱ्यात उभी राहते, शाळा सुटली की फळा झोपतो. मला सुट्टी नाही. म्हणून माझी कहाणी सलग येणार नाही, तुकड्यातुकड्यांनी येईल. तुम्ही जोडून घ्या.

मी साबणाच्या वडीएवढा आहे. रंगाने काळा, मधोमध काच. काचेवर एक आकडा आणि एक बाण. बाण आडवा असला तर साखर जागच्या जागी आहे, वर असला तर चढते आहे, खाली असला तर उतरते आहे. आकडा फारच खाली गेला की मी वाजतो. फारच वर गेला की दुसऱ्या सुरात वाजतो. माझी सगळी विद्या एवढीच.

मी मावशींचा. त्यांनी साडीवरच्या ॲप्रनला शिवलेल्या खिशात राहतो. त्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवतात. मुले त्यांना मावशी म्हणतात, मुलांचे आईबाप मावशी म्हणतात, पत्रे टाकणाराही मावशीच म्हणतो. घरातली त्यांची लेक त्यांना आई म्हणते आणि पाळणाघरात त्यांच्या हाताखाली राबणारी त्यांची नणंद वहिनी म्हणते. मावशी नणंदेला वन्सं म्हणतात. मी मात्र त्यांना आकड्याने ओळखतो.

मावशींच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही. तरुणपणापासून नाही. ते त्यांना सुईने टोचून घ्यावे लागते. जास्त झाले तर साखर इतकी उतरते की माणसाला घाम फुटतो, हात कापतात, जीभ बरळू लागते आणि शेवटी माणूस कोसळतो. कमी झाले तर साखर चढते, घशाला कोरड पडते आणि अंगातले त्राण जाते. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळातून डोळे बांधून चालावे, तसे मावशी रोज चालतात. भिंत कुठे आहे ते सांगायला मी.

मी येण्याआधी त्या बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेत. दिवसातून कितीदा तरी. बोटांच्या टोकांची चाळण झाली होती. दुधाच्या बाटल्या गरम पाण्यात घासताना ती टोके ठसठसत आणि लिंबू पिळताना तर डोळ्यांत पाणी येई. मग एके दिवशी लेक मला खोक्यातून घेऊन आली आणि म्हणाली, "आई, सुटली तुझी बोटं!"

मी एकटा आलो नाही. माझ्याबरोबर एक चकती आली. ती मावशींच्या डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तिच्या पोटातून केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि रक्ताशेजारच्या पाण्यातली साखर चाखते. रक्तातली नव्हे, हे ध्यानात ठेवा. चकती चाखते, मला कळवते, मी काचेवर दाखवतो. दोन आठवड्यांत तिचे आयुष्य संपते. मग तिला सोलून काढतात आणि नवी लावतात. अशा कितीतरी चकत्या आल्या नि गेल्या. मी नव्या चकतीला कधी नाव विचारत नाही. सवय लागली की पुढे जड जाते.

एकशे तेहतीस. बाण आडवा. पुढे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. एका सकाळी मावशी बाटल्या विसळत होत्या आणि मी त्यांच्या खिशात ठणाणा वाजलो. त्यांनी काचेकडे पाहिले, खाली बसल्या आणि साखरेचे पाणी प्यायल्या. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावरचा घाम ओसरला. वन्संनी मला पदराने पुसले.

"वाजंत्री आहे हो आपला. वेळेवर वाजला."

तेव्हापासून माझे नाव वाजंत्री पडले. मला ते आवडले होते. त्या दिवसांत मला बरेच काही आवडत असे.

मग हळूहळू एक गोष्ट झाली. ती इतकी सावकाश झाली की कुणाच्या लक्षात आली नाही. लेक कामावरून आली की चपला काढता काढता विचारी, "किती?" वन्सं स्वयंपाकघरातून ओरडत, "किती?" मुलांना सोडायला येणारे आईबापही भाजीचा भाव विचारावा तसे विचारू लागले, "आज किती, मावशी?" मावशी खिशातून मला काढत आणि आकडा वाचून दाखवत. आकडा चांगला असला की सगळे खूश. मावशी कशा आहेत, हे विचारायचे कुणाला उरलेच नाही. उत्तर खिशात होते ना!

त्याच सुमारास पाळणाघरात पहिलवान आला.

पहिलवान म्हणजे चपलांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईचे तान्हे बाळ. खरे नाव काहीतरी नाजूक होते, पण पहिल्या दिवशी त्याला उचलताना वन्सं म्हणाल्या, "बाई बाई, हे मूल आहे की गव्हाचं पोतं?" आणि नाव ठरले. बाकीची मुले दुपारी सतरंजीवर थोपटले की झोपत. पहिलवानाला ते चालत नसे. त्याला मावशींचा डावा हातच लागे, तोही खुर्चीत बसलेल्या मावशींचा. ती खुर्ची जुनी, बसकी, लाकडी हातांची. मावशी दंड खुर्चीच्या हाताला टेकवून बसत, पहिलवान आपले सगळे वजन त्या दंडावर टाकून आडवा होई आणि मावशी पुटपुटत पाढे म्हणत. हो, पाढे. अंगाईने तो आणखी जागा होई. सातचा पाढा संपेस्तोवर त्याचा ओठ लोंबू लागे.

आणि मी वाजू लागे.

शंभर, बाण खाली. ब्याऐंशी, बाण खाली. त्रेसष्ट. चोपन्न.

पहिल्या दुपारी वन्सं सरबताचा पेला घेऊन धावल्या.

"प्या, वहिनी."

"अहो, मला काही होत नाहीये."

"साखर पडली की माणूस असंच म्हणतं. मागे तुम्ही मला सासूबाई म्हणून हाक मारली होतीत, आठवतंय? तेव्हाही म्हणत होतात, काही होत नाहीये."

ते खरे होते. त्या प्यायल्या. पहिलवानाला सतरंजीवर ठेवले. माझा आकडा चढला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तो चढतच गेला. संध्याकाळी मी दुसऱ्या सुरात वाजलो.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारीही तेच.

लेक त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटातला आलेख पाहिला. रोज दुपारी खड्डा, रोज संध्याकाळी डोंगर. त्यांनी दुपारचे इन्शुलिन कमी केले.

"बोट टोचून ताडून बघता ना अधूनमधून?" त्यांनी विचारले.

"बघतो की," लेक म्हणाली.

मावशींनी आपली बोटे पदरात घेतली. ती आता कुठे बरी झाली होती. कितीतरी वर्षांनी त्यांना सुईत दोरा ओवताना टोचत नव्हते.

मित्रांनो, इथून पुढचे दिवस सांगायला मला कंटाळा येतो. सगळे सारखेच होते. दुपारी मी वाजे, मावशी सरबत पीत. इन्शुलिन कमी, वर सरबत. संध्याकाळी आकडा तीनशेच्या घरात. मावशी घागरभर पाणी पीत आणि तरी त्यांची जीभ टाळूला चिकटे. त्या दाराला टेकून उभ्या राहत, तशाच पेंगत. जेवताना घास हातात राही. पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर थांबून त्या कठड्याशी काहीतरी बोलल्यासारख्या उभ्या राहत. मीही थकलो होतो. एकच गोष्ट रोज ओरडून सांगायची, सगळ्यांनी धावायचे आणि कुणाचे काही बरे व्हायचे नाही.

संपर्क नाही.

हा माझा एक आजार आहे. चकतीपासून लांब पडलो की मला आकडा येत नाही आणि काचेवर हे दोन शब्द उमटतात. त्या दिवशी मावशी लंगोट वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि मी फडताळावर राहिलो. त्यामुळे त्या वेळी मावशींची साखर किती होती, हे मला आजही ठाऊक नाही. पण खाली काय बोलणे झाले ते ठाऊक आहे.

"आत्या, मी ठरवलंय. बंद करायचं," लेक म्हणाली.

"काय, पंखा?"

"पाळणाघर."

वन्संच्या हातातली बाटली हातातच राहिली. "अगं, तिचा जीव आहे त्यात."

"म्हणूनच. उद्या चक्कर येऊन हातातलं मूल पडलं, तर पहिलवानाच्या आईला काय सांगू? मशीन बोंबलत होतं, आम्ही ऐकलं नाही?"

"मग तिला तूच सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं ते."

"शुक्रवारी रजा घेते. दुपारी स्वतः समोर बसून बघते. परत साखर पडली, तर संध्याकाळी सगळ्या आईबापांना बोलावते आणि सांगून टाकते. त्यांना निरोप आजच देते."

पायऱ्यांवर पावले वाजली. चकती जवळ आली. दोनशे सत्तर, बाण वर. मावशी रिकामी बादली घेऊन आत आल्या. लेकीने मला उचलून विचारले, "आई, एवढी कशी गं?" मावशींनी बादली पालथी घातली. खाली काय ठरले आहे ते त्यांना कळले असावे, कारण त्या दिवशी त्यांनी पहिलवानाचे तोंड पुसायला फारच वेळ लावला.

शुक्रवार उजाडला.

दुपारी सतरंजीवर सगळी मुले झोपली. मावशी खुर्चीत, पहिलवान दंडावर. लेक समोर जमिनीवर बसली होती आणि मी तिच्या तळहातात. तिचा तळहात घामेजला होता. मावशींनी पाढे सुरू केले. लेकीची नजर माझ्या काचेवरून हलेना. सातचा पाढा संपला, पहिलवानाचा ओठ लोंबला.

अठ्ठ्याण्णव. बाण खाली. एकोणऐंशी. बासष्ट. त्रेपन्न.

मी वाजलो. लेकीने मला मांडीखाली दाबून गप्प केले आणि पेला पुढे केला. पुढचे सगळे भांडण कुजबुजत झाले, कारण मुले झोपली होती.

"आई, पी."

"नको."

"त्रेपन्न आहे!"

"असेल. मला घाम नाही, हात कापत नाही. मला तहान लागलीय. साखर पडल्यावर मला कधी तहान लागली नाही. इतकी वर्षं या अंगात मी राहतेय, तू नाही."

"हट्ट करू नको गं."

"हट्ट तुझा आहे. त्या वाजंत्रीला विचारतेस. मला विचारतेस का?"

"साखर पडली की माणूस असंच..."

"बरळतं. माहितीये. मग बोट टोच. हा उजवा हात मोकळा आहे. तूच टोच."

दारातून वन्सं दात आवळून म्हणाल्या, "हळू गं दोघी! एक जरी पोर उठलं ना, तर तुम्हा दोघींनाही सतरंजीवर घालून थोपटीन."

लेकीने पेला खाली ठेवून कपाटातून पट्ट्यांचे जुने यंत्र काढले. आईचे बोट धरले. ते बोट तिने कितीतरी दिवसांत धरले नव्हते. सुई टोचली, तांबडा थेंब वर आला, पट्टीने तो ओढून घेतला.

दोनशे बारा.

लेकीने माझ्याकडे पाहिले. माझ्या काचेवर एकावन्न होते. तिने दुसरे बोट टोचले. दोनशे सात.

तिने पेला दूर सारला. पेल्यातले सरबत हलत होते. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"आई, म्हणजे रोज आम्ही तुला..." ती म्हणाली.

"हाताला मुंग्या आल्यात," मावशी म्हणाल्या. "याला घे जरा."

लेकीने पहिलवानाला अलगद उचलले. मावशींनी दंड खुर्चीच्या हातावरून सोडवला. तिथे चकतीच्या भोवती तांबडे वर्तुळ उमटले होते. एका बाजूने पहिलवान, दुसऱ्या बाजूने लाकूड, आणि मध्ये ती बिचारी पैशाएवढी चकती रोज तासभर चेपली जात होती. लेकीने त्या वर्तुळावर बोट ठेवले. मग तिने खुर्चीच्या हाताकडे पाहिले, कडेवरच्या पहिलवानाकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले.

आता माझी बाजू ऐका. मी खोटे बोललो नव्हतो, चकतीही बोलली नव्हती. ती चेपली की तिच्याभोवतीचे पाणी बाजूला सरते आणि तारेला साखर लागत नाही. तिला लागली नाही, तिने नाही म्हटले, मी नाही दाखवले. सत्तर, एकशे वीस, एकशे नव्वद असा माझा आकडा आता चढू लागला. सरबताचा एक घोटही न पिता.

"म्हणजे दोष या गव्हाच्या पोत्याचा!" वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी मला उचलले. "आणि या खोटारड्याचा. फेकून द्या याला."

कौतुक जिथून आले होते तिथूनच हे आले. मी काही मनाला लावून घेतले नाही. मनाला लावायला दोन आकड्यांमध्ये वेळ कुठे असतो?

लेक खुर्चीजवळ उकिडवी बसली. पहिलवान तिच्या खांद्यावर घोरत होता.

"आई," ती म्हणाली, "तुला कसं वाटतंय?"

मावशींचा हात सवयीने खिशाकडे गेला. प्रश्न अवघड होता असे नव्हे. पण खिशात हात घालून ज्याचे उत्तर देता येत नाही, असा प्रश्न त्यांना फार दिवसांनी पडला होता.

"दमलेय," त्या म्हणाल्या. "तू विचारलंस म्हणून सांगते. खूप दमलेय गं."

"मग... बंद करायचं?"

"दमले म्हटलं. नको झालंय असं कुठे म्हटलं?" त्यांनी डोळे मिटले. "पाणी दे आधी. साधं. गोड काही आणलंस तर बघ."

संध्याकाळी सगळे आईबाप गोळा झाले. दारात चपलांचा ढीग लागला. सगळ्यांचे चेहरे काळजीचे होते. निरोपात लेकीने "महत्त्वाचं सांगायचं आहे" असे लिहिले होते आणि असा निरोप कधी चांगला नसतो. पहिलवानाची आई दुकानातून धावत आली होती, तिच्या कपाळावर केस चिकटले होते.

"बंद करताय का हो?" तिने उंबऱ्यातूनच विचारले. "मी याला कुठे ठेवू?"

लेकीने ठरवून ठेवलेले भाषण गिळले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आईची चकती," ती म्हणाली, "आजपासून उजव्या दंडावर लावणार आहोत."

एका बापाने घसा खाकरला. "एवढ्यासाठी बोलावलंत?"

"आणि चहासाठी," वन्सं आतून म्हणाल्या. "बसा."

डॉक्टरीणबाईंनी इन्शुलिन पहिल्यासारखे केले. संध्याकाळचे डोंगर उतरले. मावशी आता दाराला टेकून पेंगत नाहीत. दमणे मात्र पूर्ण गेले नाही. ते या आजाराबरोबर राहणारच. बोळ अजून अरुंदच आहे.

माझी काच पहिलवानाने आपटून तडकवली आहे आणि माझी बॅटरी अर्ध्या दिवसात धापा टाकते. पुढची चकती थेट लेकीच्या फोनशी बोलेल, असे घरात चालले आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वेगळ्याच गोष्टीचे वाटते. परवा मावशी भाजी निवडत असताना मी वाजलो. हात मोकळा, दंडावर कुणी नाही, खुर्चीही नाही. वन्संनी मान वर केली नाही.

"वाजू दे त्याला. कुठेतरी दाबली असेल चकती."

"मला बरं आहे," मावशीही म्हणाल्या.

लेक आत आली. तिने आईच्या तोंडाकडे पाहिले. ओठ फिकट, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि मावशी निवडलेली भाजी देठांच्या ढिगात टाकत होत्या. लेकीने बोट टोचले. एकोणसाठ. त्या दिवशी मी बरोबर होतो.

तर मित्रांनो, माझे मागणे साधे आहे. तुमच्या घरी, शेजारी, वर्गात कुणाच्या दंडावर अशी चकती असेल. माझ्यासारखा वाचक वाजला, तर त्याच्याकडे धावू नका, त्या माणसाकडे धावा. तोंड बघा, हात धरा, कसे वाटते ते विचारा. "मी ठीक आहे" असे उत्तर आले, तरी बोट टोचून खात्री करा. वाचक खोटा ठरला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला गप्प बसवू नका, आणि खरा ठरला म्हणून माणसाला विचारायचे सोडू नका. दोघांचेही ऐकायचे म्हणजे कटकट आहे, मला ठाऊक आहे. ती रोजची आहे आणि जन्मभराची आहे. ज्याच्या दंडावर चकती असते तो माणूस ती एकटाच ओढत असतो. दिवसातून एकदा तरी कुणी ती त्याच्या हातातून घ्यावी, आणि त्याला नुसते बसू द्यावे.